‘आमच्या सोसायटीत चालत नाही’: कायदा नेमके काय म्हणतो?

घर शोधताना ‘आमच्या सोसायटीत मुस्लिम फॅमिली चालत नाही’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडलेले असते. त्यावर कुणी कायद्याचा विषय काढला, की उत्तरही ठरलेले: ‘सुप्रीम कोर्टानेच सोसायट्यांना तशी मुभा दिली आहे.’ ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी माहीत नसल्यामुळे कितीतरी कुटुंबे अर्ज न करताच परत फिरतात.

संघटना स्थापण्याचा हक्क

भारतीय संविधानाच्या कलम १९(१)(क) प्रमाणे प्रत्येक नागरिकाला संस्था आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने या कलमात ‘सहकारी संस्था’ हे शब्दही जोडले. चार माणसांनी एकत्र येऊन संस्था काढायची, तर सोबत कोण असावे हे ठरवण्याचा काही अधिकार त्यांना असणारच.

दुसरीकडे कलम १५(१) धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करते. पण ही मनाई शासनाला आहे. म्हाडा किंवा सिडको धर्म पाहून घर नाकारू शकत नाही. कलम १५(२) खासगी व्यक्तींनाही लागू होते, मात्र त्यात दुकाने, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते अशा जागांचा उल्लेख आहे. राहत्या घराचा नाही.

२००५ चा निकाल

अहमदाबादची झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी मुंबई सहकारी संस्था अधिनियम, १९२५ खाली नोंदलेली होती. सभासद पारशीच असावा, असा तिचा उपविधी म्हणजे बायलॉ होता. पुढे एका सभासदाला आपला बंगला पाडून तिथे सदनिका बांधायच्या आणि त्या पारशी समाजाबाहेरही विकायच्या होत्या. सोसायटीने हरकत घेतली. गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय सोसायटीच्या विरोधात गेला, पण १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: सभासदांनी आपखुशीने संस्था स्थापन केली आणि तिचे उपविधी मान्य केले. सहकार कायद्यात अशा उपविधीला मनाई नाही. मूलभूत हक्कांचे प्रकरण शासनाला बांधते, खासगी संस्थेला तसे बांधत नाही. हे धोरण बदलायचे असेल तर ते काम विधिमंडळाचे आहे.

निकालात काय नाही

मुद्दा इथेच आहे. न्यायालयाने मान्य केला तो लेखी आणि नोंदणी झालेला उपविधी. सेक्रेटरीचे तोंडी उत्तर किंवा कमिटीची आपसातली बोलणी म्हणजे उपविधी नव्हे. ज्या सोसायटीच्या नियमांत धर्माची किंवा समाजाची कुठलीही अट नाही, तिला या निकालाची ढाल पुढे करता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे चालते का?’ हा विचारू नका. ‘तुमच्या उपविधीत काय लिहिले आहे?’ हे विचारा.

महाराष्ट्रात घर विकत घेताना

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ सांगते, की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नकार दिल्यास त्याची कारणे कळवावी लागतात आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येते. अर्ज मिळाल्यापासून ३ महिन्यांत संस्थेने निर्णयच कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानण्याची तरतूद कलम २२ मध्ये आहे. सोसायटी अर्ज घ्यायलाच तयार नसेल, तर तो निबंधकामार्फत पाठवता येतो.

त्यामुळे अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे उपनिबंधक कार्यालयात तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही, कागद लागतो. अपिलाला मुदत असते, म्हणून नकार आला की लगेच वकिलाचा सल्ला घ्या.

भाड्याने घर घेताना

भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून वरच्या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. तरीही राज्याच्या आदर्श उपविधीनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही. मालकाने ताबा देण्याच्या ८ दिवस आधी सोसायटीला कळवणे पुरेसे असते. मालक राजी असेल आणि फक्त कमिटी आडवी येत असेल, तर त्याला हा नियम दाखवा. मालकालाच घर द्यायचे नसेल, तर मात्र आज आपल्या हातात फारसे काही नाही.

आपल्या संस्थांचे काय?

हा विषय एकतर्फी नाही. आपली जमात, अंजुमन, बिरादरीचा ट्रस्ट, शिष्यवृत्तीचा फंड हे सगळे संघटना स्थापण्याच्या याच हक्कावर उभे आहे. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांना कलम ३० चे संरक्षण आहे. मुंबईत १८७४ मध्ये सुरू झालेली अंजुमन-ए-इस्लाम शिक्षणाचे एवढे काम करू शकली, त्यातही एकत्र येण्याच्या स्वातंत्र्याचा वाटा आहे. हा हक्कच नको असे आपण म्हणू लागलो, तर पहिला फटका आपल्याच संस्थांना बसेल. आणि आपल्या एखाद्या सोसायटीनेही दुसऱ्याला दार बंद केले, तर तोच प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल.

फरक ओळखायला हवा. जमातीने आपला सदर निवडणे वेगळे आणि शहरातली इमारतच्या इमारत एखाद्या समाजाला बंद करणे वेगळे. छप्पर, नोकरी आणि औषधपाणी ही कुणाच्या आवडीनिवडीची बाब असू नये.

राहिलेले काम

अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश आणि धर्म पाहून नकार देण्यास मनाई केली. तरीही तिथली चर्चेस, मशिदी आणि समाजाच्या संस्था चालूच राहिल्या. म्हणजे दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात.

आपल्याकडे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नसल्याच्या तक्रारींची नोंद झाली. २००८ मध्ये माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने समान संधी आयोगाची शिफारस केली. मात्र खासगी घरांच्या व्यवहारातला धार्मिक भेदभाव रोखणारा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा अजून झालेला नाही. न्यायालयाने २००५ मध्येच चेंडू विधिमंडळाकडे टोलवला आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, या कायद्याबद्दल विचारणे हा आपला हक्क आहे. आणि तोवर हातात असलेला कायदा वापरायचा: उपविधी मागायचा, अर्ज लेखी करायचा, पोच जपून ठेवायची.