अंतराल अंकगणित
एकेका संख्येऐवजी दोन टोकांमधील सर्व संख्यांच्या संचावर, म्हणजे अंतरालावर, गणिती क्रिया करण्याची पद्धती. खरे उत्तर मिळालेल्या अंतरालाबाहेर असणार नाही, ही हमी देणे हे या पद्धतीचे मुख्य प्रयोजन होय. त्यासाठी संगणकातील संख्यारूपांवर कोणती बंधने असावीत, हे सर्वमान्य होण्यास सुमारे अर्धशतक लागले.

मूळ कल्पना जुनी आहे. आर्किमिडीज यांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकात π ची किंमत ३ १०/७१ व ३ १/७ यांच्या दरम्यान असल्याचे दाखविले. रोझलिंड सिसिली यंग यांनी १९३१ मध्ये अशा बहुमूल्य राशींचे बीजगणित मांडले. रॅमन ई. मूर यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंध (१९६२) व इंटरव्हल ॲनॅलिसिस (१९६६) हा ग्रंथ यांमुळे या विषयाला स्वतंत्र शाखेचे रूप आले.

मुख्य अडचण पूर्णांकनाची होती. उदा., आयताच्या बाजू २·३ ते २·४ मी. व ३·२ ते ३·३ मी. असल्यास क्षेत्रफळ ७·३६ ते ७·९२ चौ. मी. येते. एकाच दशांश स्थळापर्यंत नेहमीच्या रीतीने लिहिल्यास ७·४ ते ७·९ मिळते व दोन्ही टोकांजवळच्या शक्य किंमती वगळल्या जातात. खालचे टोक खाली व वरचे टोक वर नेऊन ७·३ ते ८·० लिहिले, तरच हमी टिकते. द्विमान पद्धतीत ०·१ ही संख्याही सांत स्वरूपात लिहिता येत नसल्याने संगणकात हा प्रश्न पदोपदी उद्‌भवतो.

प्रारंभी निरनिराळ्या उत्पादकांच्या संगणकांत संख्यारूपे व पूर्णांकनाचे नियम भिन्न होते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ७५४ क्रमांकाच्या प्रमाणकाने (१९८५) धन व ऋण अनंताच्या दिशेने पूर्णांकन करण्याची सोय आवश्यक ठरविली. तथापि रिक्त व अमर्याद अंतराले, तसेच शून्य समाविष्ट असलेल्या अंतरालाने भागाकार यांबाबत एकवाक्यता नव्हती. २००८ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून १७८८ क्रमांकाचे प्रमाणक २०१५ मध्ये संमत झाले. त्यात गणिती अंतराल, संगणकातील सांत अंतरालप्रकार, त्याची मांडणी व द्विमान अंकांतील सांकेतन असे चार स्तर वेगळे केले आहेत. संख्यारूपापासून टोकांच्या आधारे बनविलेल्या प्रकारात त्या रूपातील टोके असलेली सर्व अंतराले, रिक्त संच व संपूर्ण वास्तव रेषा यांचा समावेश असतो. त्यामुळे वास्तव संख्यांच्या कोणत्याही संचाला सामावून घेणारे सर्वांत लहान अंतराल त्यात मिळतेच.

एकच राशी पुन:पुन्हा आल्यास अंतराल विनाकारण रुंदावते, ही या पद्धतीची मर्यादा होय, उदा., [१, २] मधून [१, २] वजा केल्यास [−१, १] मिळते. तरीही वॉरिक टकर यांनी तिच्या साहाय्याने लोरेन्झ आकर्षकाचे अस्तित्व सिद्ध केले (२००२). तेथे संगणकाची आकडेमोड केवळ अंदाज न राहता गणिती सिद्धतेचा भाग बनली.