आपणच सुचवलेला शब्द

ऑफिसात दरवर्षी एक ऑनलाइन प्रशिक्षण असतं. विविधता, समावेशन वगैरे. यंदा त्यातली भेदभावाच्या प्रकारांची यादी नीट वाचली. वंश, वर्ण, लिंग, धर्म होते, जात नव्हती. पुण्यात बसून आम्ही सगळे ती यादी शिकत होतो. जगाच्या अशा याद्यांमध्ये जात कुठे आहे, हे शोधता शोधता मी १९४६पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. हा आमचा अंतर्गत मामला, असं दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं. विजयालक्ष्मी पंडित यांच्या शिष्टमंडळाने ते मान्य केलं नाही, आणि आमसभेत ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीनेही तसा अर्ज करायचा विचार चालू होता.

२१ डिसेंबर १९६५ रोजी आमसभेने वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यातल्या व्याख्येत वंश आणि वर्णासोबत ‘डिसेंट’ असा एक शब्द आहे. म्हणजे कूळ, जन्म. तो भारतानेच मांडलेल्या दुरुस्तीतून आला.

पुढे १९९६ साली भारत सरकारने कराराच्या समितीला सांगितलं, की जात या शब्दात बसत नाही. समितीला ते पटलं नाही. २००१ साली वंशभेदविरोधी जागतिक परिषद दक्षिण आफ्रिकेतच, डर्बनला भरली. दलित कार्यकर्ते तिथे पोचले. जात म्हणजे वंश नव्हे, आणि तिच्याशी लढायला आमची राज्यघटना समर्थ आहे, ही सरकारची भूमिका. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही.

जात म्हणजे वंश नव्हे, हे खरंच. जातीचा वांशिक सिद्धांत बाबासाहेबांनीही नाकारला होता. पण करारातला शब्द फक्त वंशाचा नाही, जन्माचाही आहे. २००२ साली समितीने तसं लिहूनच टाकलं: ‘डिसेंट’मध्ये जात येते. १९४६ साली आपण जो युक्तिवाद खोडला, तोच ५५ वर्षांनी आपल्या तोंडी होता.

प्रशिक्षणाच्या शेवटी सूचनांसाठी एक चौकट असते. दरवर्षी मी ती रिकामी सोडतो. यंदा एक शब्द लिहिला. खाली नाव देणं ऐच्छिक होतं. दिलं, आडनावासकट.