मूत्रपिंडाचें दान आणि दात्याचें आरोग्य

माढ्याच्या एखाद्या घरांत कर्त्या पुरुषाचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. पैसा कोण देणार, हा पहिला. आणि मूत्रपिंड कोण देणार, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सरकारनें शोधलें. दुसऱ्याचें उत्तर बहुधा आई, पत्नी अथवा बहीण देत आली आहे.

हें दान फार जुनें नाहीं. १९५४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एका जुळ्या भावानें दुसऱ्यास मूत्रपिंड दिलें व तो जगला. भारतांत तसें पहिलें यश १९७१ सालीं वेलोर येथें आलें. पुढें गरिबांचीं मूत्रपिंडें विकत घेण्याचा बाजार माजला. तेव्हां महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनीं ठराव केले, आणि १९९४ सालीं संसदेनें कायदा करून ही विक्री गुन्हा ठरविली. दात्याचा खर्च व बुडालेली मिळकत भरून देणें मात्र विक्रींत धरलें नाहीं. मोकळीक ठेवली, बंधन कोणावर घातलें नाहीं.

अमेरिकेनें १९७२ सालीं मूत्रपिंडाच्या रोग्यांचा भार सरकारी विम्यावर घेतला, व १९७८ च्या दुरुस्तीनें दात्यासहि त्यांत स्थान दिलें. महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली; सोलापूर त्यांतील एक. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबास वर्षाला दीड लाखांपर्यंत उपचार आणि मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणास अडीच लाख, अशी मर्यादा होती. पुढें योजनेस महात्मा जोतीराव फुले यांचें नांव मिळालें. २०२३ सालीं या मर्यादा अनुक्रमें पांच लाख व साडेचार लाख ठरल्या.

येथेंच एक बारीक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. कायद्यानें जवळचे नातेवाईक म्हणून आईबाप, मुलें, पतिपत्नी व भावंडें गणलीं. २०११ सालीं आजीआजोबा व नातवंडेंहि. विम्याचें कुटुंब मात्र शिधापत्रिकेचें. भावास मूत्रपिंड देणारी विवाहित बहीण सासरच्या पत्रिकेवर असते. मोठी रक्कम भावाच्या शस्त्रक्रियेच्या नांवें मंजूर होते. बहिणीला एका मूत्रपिंडावर उरलेलें आयुष्य काढावयाचें असतें; रक्तदाब, रक्त व लघवी यांची तपासणी दरवर्षीं करावयाची असते. योजनेचा रोख रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर. ही तपासणी तिच्या पदरींच राहते. केंद्र सरकारनें २०२३ सालीं आपल्या नोकरांपैकीं दात्यांस बेचाळीस दिवसांपर्यंत विशेष रजा दिली. शेतांत खुरपणाऱ्या स्त्रीस रजा कोण देणार?

अवयवाचें मोल करूं नये, हा कायद्याचा दंडक योग्यच आहे. परंतु दात्याची प्रकृति जपणें म्हणजे मोल देणें नव्हे. समाजानें ज्या बाजाराचीं दारें बंद केलीं, त्या बाजाराबाहेर उभे राहून दान करणाऱ्या माणसाचें आरोग्य राखणें हें त्याच समाजाचें कर्तव्य होय.