पांजरपोळाचं दार

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्राण्यांच्या शेल्टरच्या इंग्रजी फॉर्मचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा शब्द बाईच शोधतील असं शेल्टरवरच्या मुलांनी ठरवून टाकलं होतं. फॉर्मच्या वर मी लिहिलं, ‘दत्तक अर्ज’. पहिल्याच रविवारी एक आजी नातीला घेऊन आल्या. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अहो बाई, दत्तक कशाला म्हणता? दत्तक म्हणजे पिंडाला पाणी देणारा. हे पिल्लू काय तर्पण करणार आहे?”

आजी रागावल्या नव्हत्या. नातीने निवडलेलं काळं पिल्लू त्यांच्याच पदरात झोपलं होतं. पण प्रश्न माझ्या मनातून जाईना. दत्तक या शब्दावर आपल्याकडे राज्यं गेली आहेत. 1848 मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने मानलं नाही आणि गादी खालसा केली. 1854 मध्ये झाशीचं तेच झालं. वंश, वतन, श्राद्ध हे सगळं ज्या शब्दाला चिकटलेलं आहे, तो शब्द मी रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाला लावला होता. आपल्या भाषेत कुत्रं पाळतात, मांजर येऊन राहतं, गाय दारात असते. कुठल्याशा संस्थेत जायचं, तिथल्या अनोळखी जनावराला ‘हे आता आमचं’ म्हणून सही करून घरी आणायचं, या कृतीला आपल्याकडे जुना शब्दच नाही, कारण ही कृतीच जुनी नाही. जनावरांचे निवारे मात्र आपल्याकडे फार जुने आहेत. मला या दोन्हींमधलं अंतर समजून घ्यायचं होतं.

मी परळची. बीआयटी चाळीत वाढले. आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्याला कुणी त्याच्या पाटीवरच्या नावाने ओळखत नसे. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव, पण तोंडात ‘बैलघोडा’. बस कंडक्टरही बैलघोडाच म्हणायचा. माझे आजोबा गाडीवान होते, कॉटन ग्रीनच्या गोदामांतून गिरण्यांकडे कापसाच्या गाठी ओढणारे. त्यांच्या एका बैलाला खांदेसूज झाली, जू घासून मान उघडी पडली, तेव्हा त्याला ते चालवत बैलघोड्यात घेऊन गेले होते. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की त्या बैलाची चाल मी पाहिल्यासारखी मला आठवते. आजोबा म्हणायचे, “तिथल्या डॉक्टरने आधी बैलाला विचारलं, मग मला.” डॉक्टरने आधी जखमेला हात लावला, मालकाची कैफियत नंतर ऐकली, एवढाच त्याचा अर्थ.

ते नाव खरोखरच त्या काळाचं आहे. मुंबईत जनावरांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था 1874 मध्ये स्थापन झाली, आणि त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. बैल आणि घोडे यांच्याच खांद्यावर मुंबई चालत होती. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचं इस्पितळ उभं राहिलं आणि 1886 मध्ये त्याच्याच शेजारी पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. कुत्रं त्या नावात नाही. कष्टाच्या जनावराला बरं करून पुन्हा त्याच्या कामावर, त्याच्या धन्याकडे पाठवायचं, हा त्या इस्पितळाचा मूळ व्यवहार. ज्याला धनीच नाही, त्याचा प्रश्न वेगळा होता आणि तो आधीच कडेलोटाला जाऊन आला होता.

त्यासाठी 1832 मध्ये जावं लागतं, कोटातल्या मुंबईत. बेवारशी कुत्री मारण्याचे कंपनीचे हुकूम आधीपासून होते, पण वर्षातल्या ठरावीक मुदतीपुरते. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. पकडणारे त्या आठ आण्यांसाठी लोकांच्या घरातली कुत्रीही सोडत नाहीत, अशी ओरड होती. 6 जूनला पारशी मंडळी शिपायांवर धावून गेली. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान फार मोठं. मृताच्या अंगावरून कुत्र्याची नजर फिरवण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचाच भाग, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेल्या कुत्र्याला ते ‘चार डोळ्यांचा’ मानतात. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन, इस्माइली दुकानदारांनीही फळ्या लावल्या, आणि कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. सरकारने सैन्य आणलं, धरपकड केली. जमशेटजी जीजीभॉय आणि इतर पुढाऱ्यांनी पकडलेल्यांसाठी अर्ज केले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची.

वर्गात हा प्रसंग शिकवायला मला कधी मिळाला नाही, पाठ्यपुस्तकात तो नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. या शहरातल्या पहिल्या मोठ्या हरताळांपैकी एक मुक्या प्राण्यांसाठी झाला होता, हे परळ-लालबागच्या मुलांना, ज्यांच्या घरात संपाशिवाय दुसरा विषय नव्हता, नक्कीच कळलं असतं.

दोन वर्षांनी, 18 ऑक्टोबर 1834 ला, जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. भुलेश्वरला, जिथे तो आजही आहे. सुरुवातीला तिथे आश्रय मिळाला तो रस्त्यावरच्या कुत्र्यांना आणि डुकरांना, साहेबाच्या बंदुकीपासून वाचवलेल्यांना. आज तिथे बहुतेक गाईच दिसतात, आणि दर्शनाला आल्यासारखे लोक त्यांना चारा घालून जातात. मी बाबांचं बोट धरून पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सात वर्षांची असेन. गल्लीत कपड्यांची दुकानं, फुलवाले, आणि मध्येच शेणाचा तो ओला, ऊबदार वास. एका म्हाताऱ्या, आंधळ्या बैलापाशी बाबा बराच वेळ थांबले. मी विचारलं, “हा घरी कधी जाणार?” बाबा म्हणाले, “हेच घर त्याचं.”

पांजरपोळाचं सगळं तत्त्व या तीन शब्दांत आहे. आत आलेलं जनावर मरेपर्यंत तिथेच राहणार. त्याच्याकडून काम नाही, आणि त्याला कुणाच्या हवालीही करायचं नाही, कारण नेणारा त्याला जुंपेल किंवा विकेल ही भीती. ती भीती खोटी नव्हती. म्हणून पांजरपोळाचं दार एकाच बाजूला उघडत असे. 

त्याहून जुनी एक हकिगत मला फार आवडते. 1623 मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंबायतला आला होता. तिथलं पक्ष्यांचं इस्पितळ त्याने पाहिलं. आईविना सापडलेली उंदराची इवलीशी पिल्लं पेटीत कापसावर ठेवली होती, आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून त्यांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता. मोठी झाली की त्यांना सोडून देणार, हवं तिथे जाऊ देणार, असं त्याने पाहुण्याला सांगितलं. आमच्या शेल्टरवर आई मेलेली मांजरीची पिल्लं येतात तेव्हा आम्ही सिरिंजने दूध पाजतो, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. चारशे वर्षांत पिसाची सिरिंज झाली. पण त्या म्हाताऱ्याजवळही दोनच वाटा होत्या, ठेवून घेणं किंवा मोकळं सोडणं. लंडनमध्ये 1860 साली हरवलेल्या कुत्र्यांसाठी घर निघालं आणि तिथून नव्या मालकांकडे कुत्री जाऊ लागली. आपल्या जुन्या निवाऱ्यांत ही तिसरी वाट नव्हती.

मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांबद्दल लिहायला मला जड जातं. कुत्री मारणं पुन्हा सुरू झालं आणि चालूच राहिलं. आमच्या चाळीत तांबू होता. कुणाचाही नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. दुसऱ्या मजल्यावर पोळी, तळमजल्यावर माशाचं डोकं, रात्रपाळीहून येणाऱ्यांना नाक्यापासून सोबत. एका पहाटे कुत्री पकडायची गाडी आली. लांब दांड्याचा चिमटा मी गॅलरीतून पाहिला. चाळीतले सगळे जागे होते आणि खाली कुणीच उतरलं नाही, कारण ‘हा माझा’ असं म्हणायचा हक्क कुणाजवळच नव्हता. मीही उतरले नाही. मी दहा वर्षांची होते.

लोकांची भीती मी हलकी मानत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आमच्या लहानपणी प्रत्येक घरात माहीत होतं. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि आपल्या देशात या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत वापरात होती. रेबीज झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या आईने आपल्या मुलाच्या पोटात ती सुई जाताना पाहिली, तिला भूतदयेचं प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही.

पण मारून कुत्री संपली नाहीत. एका गल्लीतली उचलली की उकिरड्याच्या अन्नावर शेजारच्या गल्लीतली येतात आणि वर्षाला दोनदा वितात. हे लक्षात आलेल्या लोकांनी दुसरा उपाय मांडायला सुरुवात केली. मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था 1985 मध्ये निघाली. 1994 मध्ये महापालिकेने मारणं थांबवून नसबंदीचा मार्ग धरला, आणि 2001 मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं.

घर देण्याची चाल आपल्याकडे रुजली ती या कामाच्या पोटातून, असं माझं मत आहे. नसबंदीनंतर धडधाकट कुत्रं आपल्या गल्लीत परत जातं. मागे कोण उरतं? रेल्वेखाली पाय गेलेलं, आंधळं, आई गाडीखाली आलेली पिल्लं, आणि ज्यांना गल्लीच नाही अशी, म्हणजे घरातून सोडून दिलेली. 1980-90 च्या दशकांत पामेरियन आणि अल्सेशियन होते. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घराघरांतून पगची मागणी झाली. चपट्या नाकाच्या त्या जीवाला आपल्या उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही, हे घेणाऱ्याला नंतर कळलं. काही वर्षांनी तेच पग शेल्टरच्या फाटकाला बांधलेले सापडू लागले. या सगळ्यांना परत सोडायला जागा नव्हती आणि जन्मभर ठेवायला पिंजरे पुरत नव्हते. पांजरपोळाचं दार दुसऱ्या बाजूलाही उघडावं लागलं ते अशा अडचणीतून.

आमच्या रजिस्टरमध्ये हा बदल दिसतो. आवक-जावक अशी दोन पानं. जुन्या वह्यांत जावकच्या रकान्यात दोनच नोंदी येतात, ‘मूळ जागी सोडला’ किंवा ‘मयत’. मग मध्येच कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं पहिल्यांदा दिसतं, ‘घरी’. कुणाच्या घरी, तेही नाही. फक्त ‘घरी’. ती नोंद करणाऱ्याला किती बरं वाटलं असेल, ते अक्षरावरून कळतं.

2011 मध्ये अशीच एक नोंद माझ्या नावाने झाली. बायजा, गावठी, काळीभोर, मागचा डावा पाय नाही. फॉर्म भरताना माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलीने मला प्रश्न विचारले. घर स्वतःचं की भाड्याचं? गावी गेलात तर बघणार कोण? घरातल्या सगळ्यांची तयारी आहे? नंतर ती घर बघायला आली, खिडक्यांचे गज तपासले. मुलगी बघायला आल्यासारखंच, पण इथे घरच दाखवायचं होतं. पहिले चार दिवस बायजा शिलाई मशीनच्या खाली होती. पाचव्या रात्री ती उठून सासूबाईंच्या पलंगाजवळ गेली. सासूबाई आयुष्यभर ताटातला पहिला घास गाईकुत्र्यासाठी काढून ठेवत आल्या होत्या. त्या रात्री म्हणाल्या, “आता बाहेर ठेवायला नको.” सोसायटीत लिफ्टवरून वाद झाले, कागद आले, दोन वर्षं शेजारणीने अबोला धरला. 2015 मध्ये प्राणी कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आली की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही. त्याची प्रत मी दाराच्या आत लावून ठेवली. बाहेर लावली नाही, शेजारीण तोवर बोलायला लागली होती.

ऑगस्ट 2025 पासून माझ्या डोक्यात पुन्हा 1832 घोळतंय. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितली. 22 तारखेला तो आदेश बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी, लस देऊन परत सोडायची. त्याच आदेशात आणखी एक वाक्य आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. मी ते दोनदा वाचलं. मारा, बाहेर सोडा, कोंडून ठेवा, या तीन शब्दांत एकशे नव्वद वर्षं फिरलेला प्रश्न, आणि चौथा शब्द आता न्यायालयाच्या कागदावर.

काळ्या पिल्लाच्या आजी परवा लसीसाठी आल्या होत्या. पिल्लू आता कमरेएवढं झालंय, नाव गणोबा. मी त्यांना म्हटलं, फॉर्मवरचा शब्द बदलायचा विचार करतेय, तुम्ही सुचवा. त्या गणोबाच्या गळ्यातला पट्टा एक भोक सैल करत होत्या. म्हणाल्या, “राहू द्या हो. हे गेल्या महिन्यात गेले, तेव्हा तेरा दिवस दारात तोच बसून होता.”

मी रजिस्टर उघडलं. गणोबाच्या जावकच्या रकान्यात तीन वर्षांपूर्वी मी माझ्या अक्षरात ‘दत्तक’ लिहून मग खोडलं होतं. त्याच्या वर पुन्हा लिहिलं.