मालक व्हायला लायक कोण?

सी. एस. लुईसचं पुस्तक माझ्या हातात बघून एक कार्यकर्ता म्हणाला, "पाद्र्याचं काय वाचतोस?" लुईस पाद्री नव्हता. १८९८ साली बेलफास्टला जन्मलेला, पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, ऑक्सफर्डचा मास्तर. तरुणपणी नास्तिक, १९३१ साली ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला आणि पुढं तिची बाजू लढवत राहिला. त्याचा देव मला नको. पण माणूस सरळ लिहितो, साध्या माणसाला कळेल असं.

१९४१ साली युद्ध चालू असताना तो बीबीसीवर बोलला. मुद्दा असा : भांडणारा म्हणतो, 'जागा माझी, मी आधी आलो.' समोरचा 'न्यायबिय काही नसतो' असं म्हणत नाही, तो सबब सांगतो. म्हणजे न्यायाचं माप दोघांनाही ठाऊक असतं. आपल्याला पाणी नाकारणाऱ्यांनीही 'आम्हाला अन्याय करायचाय' असं कुठं म्हटलं? त्यांनी शास्त्र पुढं केलं.

१९४३ साली त्यानं समतेवर एक लेख लिहिला. काही माणसं गुलाम व्हायलाच लायक असतात, असं ॲरिस्टॉटल म्हणून गेला. त्यावर लुईसचं उत्तर : मालक व्हायला लायक असा माणूसच मला दिसत नाही, म्हणून गुलामगिरी नको. दोस्तहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली लायकी सिद्ध करत बसलो. त्यांची लायकी कुणी विचारली?

पण त्याच साली निघालेल्या त्याच्या 'द अबोलिशन ऑफ मॅन' या पुस्तकाच्या शेवटी मी अडलो. नीती सगळ्या मानवजातीची एकच, हे दाखवायला त्यानं देशोदेशीची वचनं गोळा केलीत. त्यात आपल्याकडचंही एक : पोरं, म्हातारे, दुबळे यांना मान द्यावा. वचन चांगलंच. पण ते मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातलं आहे! तीच मनुस्मृती दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर काढते, फुटक्या भांड्यात जेवायला लावते, प्रेतावरचे कपडे नेसवते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी जाळली ती हीच. चांडाळाचं पोर त्या मानात बसतं का, हे लुईसनं विचारलं नाही.

बाबासाहेबांनी विचारलं. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात की नीती चोरांतही असते, जातवाल्यांतही असते. पण ती आपापसातली. नीती सगळ्यांना सारखी लागू हवी, आणि ती पवित्र मानली गेली पाहिजे.

तेव्हा लुईस जरूर वाचा, त्याचा युक्तिवाद सभेत वापरा. फक्त कुणी सुभाषित ऐकवलं, की त्याच पोथीची पुढची पानं उलटा आणि गावकुसाबाहेर कुणाला बसवलंय ते बघा.