गोदाघाटावरचा मे महिना

1 मेच्या संध्याकाळी नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, वसंत व्याख्यानमालेचे पहिले पुष्प गुंफले जाते आणि मग 31 मेपर्यंत रोज तिन्हीसांजेला तिथे कोणी ना कोणी बोलायला उभे राहते. दिवसभर तापलेला घाटाचा दगड तेव्हा निवू लागलेला असतो. पटांगणाला भिंत नाही, दार नाही, तिकीट नाही. देवदर्शन करून परतणारा माणूस पायऱ्यांवर थबकतो, दोन वाक्ये ऐकतो आणि पटले तर बसतो. बाहेरगावच्या पाहुण्याला या साऱ्यात एकाच गोष्टीचे नवल वाटते: एवढ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातच हे का? या प्रश्नाचे बोट धरून आपण मागे जाऊ लागलो, तर बरेच लांब जावे लागते.

चैत्र-वैशाखात लोकांनी एकत्र जमण्याची रीत व्याख्यानांहून कितीतरी जुनी आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला घरोघर गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरता महिनाभर, बायकांचे हळदीकुंकू चालते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि गप्पा. महिनाभराच्या सार्वजनिक समारंभाचा हा नमुना आपल्या घरांत आधीपासून होता, पण व्याख्यानमालांचे इतिहास लिहिणारांनी या बायकांच्या बैठकीची दखल कधी घेतली नाही. पुरुषांसाठी रामनवमीचे कीर्तन होते, घाटावरचे पुराण होते. तिथे बुवा सांगणार आणि श्रोते मान डोलावणार. उलट प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती. ती चौकट उघड्यावर मोडली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी. 1857 च्या जानेवारीपासून मे अखेरीपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी ते ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत आणि भोवती गर्दी जमे. मराठीतल्या मोकळ्या मैदानावरच्या सभेचा उगम शोधायचा तर या वाळूपाशी थांबावे लागते. आज विष्णुबुवांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

त्याच काळात मुंबईतच दुसरी एक वाट तयार होत होती. 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापून निबंध वाचायला आणि त्यांवर चर्चा करायला सुरुवात केली होती. पुढे याच शिक्षणसंस्थेत शिकलेले महादेव गोविंद रानडे 1842 साली नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. शेवटी ती उपयोगी पडेल. 1871 मध्ये रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यात वक्तृत्वावरही स्वतंत्र निबंध आला. बोलणे ही अभ्यासाने येणारी विद्या आहे, हा विचार हवेत होता. रानड्यांनी 1875 साली त्याला संस्थेचे रूप दिले. वक्तृत्वोत्तेजक सभा हे तिचे नाव. नावावरूनच कळते की पहिला हेतू श्रोत्यांना ज्ञान देण्याचा नव्हता, तर मराठीत चारचौघांत उभे राहून बोलू शकणारी माणसे घडवण्याचा होता. सभेच्या वक्तृत्वस्पर्धांतून व्याख्याने आली, व्याख्यानांची माला झाली आणि तिला ऋतूचे नाव मिळाले. लोकमान्यांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला, ज्याला आपण या सगळ्याचे मूळ मानतो, अजून 18 वर्षे अवकाश होता.

आता मे महिन्याचे कोडे. 1878 साली सरकारने रानड्यांची बदली नाशिकला केली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्या सुमारास तिथेच जॉइंट जज्ज होते. या दोघांनी फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाशा’तून मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले आणि 11 मे 1878 रोजी पुण्याच्या हिराबागेत ती सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची गणना तिथूनच होते. नाशिकच्या कचेरीत बांधलेल्या न्यायाधीशाला पुण्यात सभा भरवायची, तर ती कोर्टाला सुट्टी असतानाच भरवता येणार. पुढची ग्रंथकार सभा 24 मे 1885 ची. महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली 27 मे 1906 रोजी. तारखा अशा ओळीने मांडल्या की मला शंका उरत नाही. वकील, मुन्सफ, शिक्षक, विद्यार्थी या नव्या वर्गाला वर्षातून एकदाच मोकळीक मिळत होती, ती मे महिन्यात. वसंताचे नाव हौसेने दिले असेल. तिथी मात्र कोर्टाच्या आणि शाळेच्या सुट्टीने ठरवली.

सुट्टी ज्यांना होती त्यांचेच हे संमेलन होते, ही त्यातली उणीव. जोतीराव फुल्यांनी ती त्याच वेळी दाखवून दिली. 1885 च्या सभेचे निमंत्रण त्यांना आले तेव्हा त्यांनी उत्तर धाडले की जे लोक सर्व माणसांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. हे पत्र पुढे संमेलनांच्या भाषणांत शेकडो वेळा उद्धृत झाले. पण त्याला खरे उत्तर सभेच्या जागेनेच द्यायचे होते: सभा कुठे भरते, आणि तिथे कोणाला बसता येते.

नाशिकची व्याख्यानमाला 1922 साली महाबळ गुरुजींच्या पुढाकाराने सुरू झाली, ती रानड्यांचा कित्ता गिरवून. त्या वेळचे नाशिक लहान होते. रेल्वेस्टेशन गावापासून दूर. गावात यायला 1889 पासून धावणारी ट्राम होती. अशा गावात पुढे या मालेचे जे ठाणे झाले, त्या पटांगणाचे नाव बोलके आहे. यशवंतराव महाराज हे 1870-71 च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार होते. उपाशी माणसांसाठी त्यांनी सरकारी खजिना उघडला. लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. 1887 साली नाशिकलाच त्यांचे निधन झाले. ज्याने खजिना लोकांना उघडला त्याच्या नावाच्या अंगणात ज्ञानही कुलपाशिवाय वाटले जावे, यासारखी साजेशी गोष्ट नाही. पटांगण उघडे, सार्वजनिक. तिथे बसायला कोणाची ओळख लागत नाही.

पण या मोकळेपणाचा अभिमान बाळगताना आपण इथून हाकेच्या अंतरावरच्या पंचवटीकडेही पाहिले पाहिजे. व्याख्यानमाला आठ वर्षांची असताना, 2 मार्च 1930 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे उभी राहिली. त्या चैत्रातल्या रामाच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. ज्या गावात वसंतात विचारांची माला गुंफली जात होती, त्याच गावात त्याच वसंतात माणसांना दगड मारले जात होते. या व्याख्यानमालेची गोष्ट सांगताना ही गोष्ट वगळणे अप्रामाणिकपणाचे आहे. फुल्यांनी विचारलेला प्रश्न 45 वर्षांनी नाशिकच्या रस्त्यावर उभा होता.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. 1942 मध्ये आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला साहित्य संमेलन झाले. 1950 मध्ये कुसुमाग्रजांनी इथे मंडळ स्थापले आणि त्याला नाव दिले लोकहितवादींचे. नाशिकच्या एका जुन्या जज्जाची आठवण गावाने अशी जपली. त्याच मंडळाने 2021 साली नाशिकमध्ये 94 वे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवले. निफाडच्या मुलाने पुण्यात लावलेले रोप असे फिरून आपल्याच जिल्ह्यात रुजले. दरम्यान गाव महानगर झाले, कारखाने आले, उन्हाळ्याची सुट्टी शिबिरांनी आणि शिकवण्यांनी भरली. ज्या वकील-शिक्षकांच्या फुरसतीवर ही प्रथा उभी राहिली, ती फुरसत आता त्यांच्याकडेही उरलेली नाही. तरीही मे उजाडला की पटांगणात ध्वनिक्षेपकाची चाचणी सुरू होते.

मे महिन्याला नदीनेही एक मर्यादा घालून दिली आहे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की पाणी घाटावर चढते. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. जिथे महिनाभर माणसे बसली होती तिथे मग पाणी असते. तेव्हा जे ऐकायचे ते त्याआधीच. येत्या मेमध्ये नाशिकला असाल तर एक संध्याकाळ घाटावर जा, पायरीवर बसा, आणि व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न नक्की विचारा.