कंडेन्सर माईक, मोठ्या पडद्याचा : मैफलीसाठी पारख

सुमारे २५ मिमी. व्यासाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे छिद्रे पाडलेली धातूची तबकडी, एवढाच या माईकचा गाभा. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधली विद्युत धारिता बदलते आणि त्या बदलाचा विद्युत संदेश होतो. ई. सी. वेंट यांनी अमेरिकेत १९१६ मध्ये या तत्त्वावरचा माईक तयार केला; १९२८ पासून गेओर्ग नॉयमन यांनी बर्लिनमध्ये तसे माईक बाजारात आणले. त्यांच्याच कंपनीचा १९६७ चा ‘यू ८७’ आजही स्टुडिओतला मानदंड समजला जातो. प्रस्तुत नोंदीत ‘स्वस्त’ म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी किमतीचे माईक.

या किमतीत मोजून घेण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे खुद्द पडदा. ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटी २०२०’ दुकानात मोठ्या पडद्याचा म्हणून सर्रास विकला जातो. त्याचा पडदा प्रत्यक्षात १६ मिमी.चा आहे. दिसायला तो भारदस्त, आवाजही बाजूने घेतो, त्यामुळे गैरसमज पक्का होतो. माईक वाईट नाही, पण जात वेगळी.

जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जातो तो माईकचा स्वतःचा खरखराट. ‘एटी २०२०’चा २० डेसिबल, त्याच कंपनीच्या ‘एटी २०३५’चा १२, तर रोडच्या ‘एनटी १-ए’चा अवघा ५. बंद खोलीत एकटी सतार किंवा कुजबुजत्या आवाजातले वाचन टिपायचे तर हा फरक कानाला कळतो. मैफलीत मात्र तो बहुधा वाया जातो. डोक्यावर पंखे, मंडपामागे जनित्र, पुढे बसलेली माणसे, त्यांची दाद, चहाचे कप. या गोंगाटाखाली २० डेसिबलचा खरखराटही दडून जातो. एवढ्या एका आकड्यासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे जत्रेत पाळण्याशेजारी बसून घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखे आहे.

मैफलीसाठी निर्णायक गोष्ट पेटीवर क्वचितच छापलेली असते : बाजूने येणारा आवाज माईक कसा घेतो.

वाईच्या कृष्णाबाई उत्सवाचे उदाहरण घ्यावे. थंडी सरता सरता कृष्णेच्या घाटांवर आळ्याआळ्यांचे उत्सव पाळीने होतात. कीर्तन, गायन चालते. गायकासमोर एक माईक ठेवला, तर तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला. हृदयाकृती ग्रहणाचा माईक ९० अंशांवरून येणारा आवाज तत्त्वतः ६ डेसिबलने कमी घेतो, सगळ्या पट्टीत सारखाच. प्रत्यक्षात २५ मिमी. म्हणजे साधारण १३,५०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी. त्या सुमारास मोठा पडदा अरुंद ‘पाहू’ लागतो आणि बाजूचे उंच स्वर जास्त गळतात. तबल्याच्या चाटीचा ठणका बोथट होतो, संवादिनी कांबळ्याआडून वाजल्यासारखी येते. स्वस्त माईकमध्ये हा दोष अधिक आणि नगानगांत वेगळा. नंतर उंच स्वर वाढवून तो लपवावा, तर समोरच्या गायकाचे ‘स’, ‘श’ टोचू लागतात. घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्यांवरून परतणारा आवाजही बाजूने, मागूनच येतो. म्हणून अशा ठिकाणी छोट्या पडद्याचा, त्याच किमतीचा माईक पुष्कळदा सरस ठरतो, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

मोठ्या पडद्याची बाजू भक्कम होते ती जवळच्या, एकट्या ध्वनिस्रोताशी. कसोटीला तंबोरा उत्तम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, की घोडीच्या रुंद माथ्यामुळे आणि जवारीच्या सुतामुळे तंबोऱ्याच्या तारेतून असेही उपस्वर निघतात, जे छेडण्याच्या जागेवरून पाहता निघायलाच नकोत. मिरजेत जवारी लावणारा कारागीर सूत केसभर सरकवतो आणि नाद खुलतो वा मिटतो. हे सरकणे ध्वनिमुद्रणात ऐकू आले तर माईक पास. ‘एनटी १-ए’चा उंच स्वरांतला उठाव जवारी जरा जास्तच चकचकीत करतो, काहींना ती आवडते, जाणकाराला खटकते. तंबोऱ्यापासून अंतर दुप्पट केले की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, तेव्हा दोन माईकांची तुलना एकाच अंतरावरून आणि ऐकताना आवाज समान करूनच करावी. किंचित मोठा वाजणारा माईक कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

मोठ्या आवाजाची भीती सहसा अनाठायी. ‘एनटी १-ए’ १३७, तर ‘एटी २०३५’ १४८ डेसिबलपर्यंत सहन करतो. तबला तिथवर पोचत नाही. ढोल-ताशा वा संबळ अगदी जवळून घ्यायचा असेल, तर आवाज १० डेसिबलने उतरवणारा खटका उपयोगी. तो ‘एटी २०३५’वर आहे, ‘एनटी १-ए’वर नाही. ८० हर्ट्झखालचे छाटणारा खटकाही तसाच, आणि लाकडी मंचावर पायांचे धपके येतात तेव्हा त्याची किंमत कळते.

बाकी पथ्ये थोडी. या माईकना सहसा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो कमी पडला तर उत्तम नगही फटफटतो. नदीकाठच्या वाऱ्यासाठी फोमची टोपी पुरत नाही, केसाळ आवरण लागते. मंचावरचे स्पीकर माईकच्या पाठीमागे, १८० अंशांवर ठेवावेत, तिथे त्याचे ग्रहण सर्वांत कमी असते. पाचगणी-महाबळेश्वरच्या धुक्यात, आणि वाईच्याही पावसाळ्यात, पडद्यावर दमटपणा बसून कडकड सुरू होते. वापर झाला की माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतात आणि त्या पुड्या वेळोवेळी बदलतात.